सौम्य धोका

सुनेत्रा, तू विचारलंस, विहंगला चालेल का?
पाच पूर्ण नाहीत अजून, आणि झोपताना दिवा लागतो त्याला.

म्हणून मंगळवारी रजा टाकून मी एकटीच जाऊन आले,
स्विंडनच्या त्या थिएटरात, सकाळी अकराच्या खेळाला.
सोळा रांगा आणि आम्ही तिघं:
मी, थर्मास घेऊन आलेले एक आजोबा,
आणि तिकिटं तपासणारा पोरगा,
मागे उभ्या उभ्या सँडविच खाणारा.

पडद्यावर आधी पाटी आली: सौम्य धोका.
आता सौम्य म्हणजे काय गं?
ऊन सौम्य असतं. साबण सौम्य असतो.
धोका सौम्य होता हे
तो टळल्यावरच कळतं ना?

पार्किंगच्या पावतीमागे टिपत गेले.
बारावं मिनिट, वादळ. गाढव घाबरतं, माणसं नाहीत. चालेल.
एकतिसावं, दरीवरचा पूल तुटतो, आत्या लोंबकळते.
मनात आकडे मोजले, एकोणीस.
केतकीला वीसपर्यंत येतात. चालेल.
पन्नासच्या पुढे गुहेत ते काहीतरी,
पुष्कळ पायांचं, ओलं.
इथे मांडीवर घ्यावं लागेल.
खलनायक मरत नाही, नुसता चिखलात बसतो.
शेवटी सगळे घरी, टेबलाभोवती सूप पितात.

आम्हाला कुणी असं निवडून, पाखडून दिलं होतं?
कराडजवळच्या जत्रेत, तंबूत, मामाच्या मांडीवर मी सहा वर्षांची.
पडद्यावर खून झाला तेव्हा मामा शेंगा सोलत होता.
नायिकेनं नायकाचा हात धरला
तेव्हा कुठे त्याचा तळवा आला माझ्या डोळ्यांवर,
खारट, टरफलांच्या वासाचा.
सिनेमा कुठला, आठवत नाही.
तळवा आठवतो.

तर शनिवारी केतकीला घेऊन गेले, पावती पर्समध्ये.
पूल तुटला. ती पॉपकॉर्न खात राहिली.
मीच एकोणीसपर्यंत मोजलं, पुन्हा.
गुहेतलं ते आलं, मी हात पसरले,
तर ही मोठ्यानं विचारते,
"याला मोजे किती लागत असतील?"
पुढच्या रांगेतलं एक बाळ रडायला लागलं,
त्याची आई माझ्याकडे वळून हसली,
जणू आम्ही दोघी एकाच परीक्षेला बसलो होतो.

परतताना तो पाच गोलांचा चौक,
जिथे सात वर्षांनंतरही माझा जीव मुठीत असतो.
उजवीकडून लाल व्हॅन, समोरून बस,
आणि मागच्या सीटवरून:
"त्या मुलाचा बूट कुणी आणला?"

कुठला बूट?
"नदीत. निसटला. कुणी वळलंच नाही."
आणला असेल गं, नंतर.
"नाही आणला. मी बघत होते.
सूप पिताना त्याच्या एकाच पायात होता."

मी सूप पाहिलं होतं. सगळे आहेत ना, ते मोजलं होतं.
टेबलाखाली वाकून पाहिलं नव्हतं.

तीन रात्री तेच. पाणी गार असेल का.
एकटा बूट कुठवर जातो. समुद्रात त्याला कोण ओळखेल.
मी म्हटलं, अगं, खोटं असतं ते सगळं.
ती म्हणाली, "बूट खरा होता."

बुधवारी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले
तर पायरीवर तिचा पिवळा गमबूट. डावा. एकच.
टोक रस्त्याकडे.
पोस्टमन त्याला वळसा घालून गेला,
मीही गेले.
आत घेतला नाही अजून.

तेव्हा सुनेत्रा, हो, चालेल.
पुलाचं मी सांगते, गुहेचं सांगते,
मिनिटंसुद्धा लिहून देते हवी तर.
पण विहंगचा बूट कुठला निघेल
ते माझ्या पावतीवर नाही.

आणि येताना तो चौक टाळ.
मागून प्रश्न येतो तेव्हा
आधी कुणाला जाऊ द्यायचं, ते सुचत नाही.