गिरणीवरची पाटी

वडगावात माझी गिरणी, तीन दगडांची.
एकावर मिरची-हळद, तो वेगळा.
उरलेल्या दोनांवर सगळं गाव.

सकाळी सातला हलगेकर वहिनी डबा टेकवतात :
"मल्टिग्रेन हाय. नऊ धान्यांचं."
झाकण उघडून बघतो तर गहूच गहू,
बाकीची आठ, हळदीकुंकवाला आल्यागत,
चिमूट चिमूट, कडेकडेनं बसलेली.
"वजन उतरतंय न्हवं यानं?"
डब्याचं उतरतंय वहिनी, पावशेर घट धरा.
हे मनात.
तोंडानं : बारीक, की जाड?

बसलिंग मास्तर अथणीहून खपली मागवतात.
"शुगर इल्ला री यात! खपली ती!"
असं म्हणत खिशातून गुळाचा खडा काढतात,
साखर सोडून त्यांना दोन वर्षं झाली,
त्या आनंदात दिवसाला चार चहा गुळाचे.
पायाची जखम मात्र अजून
पांढऱ्या चिंधीत गुंडाळून आणतात, माझ्या पिठापर्यंत.

आई ज्याला राळे म्हणायची
आणि शेजारची निलव्वा नवणी,
ते टिळकवाडीत आता काचेच्या बरणीत
तिसऱ्याच नावानं बसलंय. किलोला तीनशे वीस.
राळ्याला राळे म्हटलं की कोंबड्या आठवतात.
नाव परकं झालं की दाणा शिकलेला दिसतो.

मग मीही शिकलो.
गेल्या दसऱ्याला मुनाफ पेंटरला बोलावलं,
वर कन्नडात, मोठ्या अक्षरांत, नियमानं,
खाली मराठीत, जागा उरली तेवढ्यात :
ग्लुटेन-फ्री दळून मिळेल.
दोन्हीकडची वेलांटी तपासून घेतली.
कुणी ज्वारी घेऊन आलं की
गव्हानंतर मूठभर फिरवायची,
ते पीठ गाईला,
आणि पुढचं फ्री. किलोला चार रुपये जादा.
लोक देत होते, खुशीनं,
गाल आत गेल्यागत वाटतंय म्हणत होते.

गुरुवारी खानापूरच्या बसनं एक बाई आली,
सोबत पोरगं, नऊ-दहा वर्षांचं,
अंगापेक्षा शर्ट मोठा.
तिनं किंमत विचारली नाही. वजन उतरंल काय, हेही नाही.
म्हणाली, "या दगडावर आधी काय दळलं?"

चौदा वर्षांत हा प्रश्न
मला कुणी विचारला नव्हता.

"गहू," म्हटलं. "पण मूठभर ज्वारी टाकून साफ करतो की."
"मूठभरानं दगड साफ होत नाही, दादा.
डॉक्टर म्हणाले, बोटाला लागलेलं पीठसुद्धा नको.
खपलीबी गहूच. रवाबी गहूच.
आम्हाला हे बारीक व्हायला नकोय."

पोरगं तोवर पाटी वाचत होतं,
आधी कन्नड, मग मराठी,
शाळेत उभं केल्यागत, खणखणीत,
एकही अक्षर न चुकता.
मग आईकडं वळून म्हणालं,
"दिवाळीला मामानं आणलेलं पीठ इथलंच की गं.
हीच पाटी."

रागानं नाही. पाटी ओळखल्याच्या आनंदानं.

पट्टा थांबवला.
गिरणी थांबली तरी पीठ थांबत नाही लगेच,
हवेत असतं, सावकाश उतरतं,
बल्बवर, वजनकाट्यावर, हिशेबाच्या वहीवर,
माझ्या भुवयांवर.
त्या बाईनं पोराला दाराबाहेर ओढलं
आणि पदरानं त्याचं नाक झाकलं.

ज्वारीची पिशवी तशीच परत गेली, तोंड बांधलेली.
मी काय बोललो, आठवत नाही.
जातं घ्या, असं काहीतरी, खडेबाजारात मिळेल,
नवं घ्या, कुणाचं वापरलेलं नको.
एवढं तरी खरं सांगितलं.

शनिवारी मुनाफ आला, डबा, ब्रश, शिडी.
"पुसायचं? परवाच तर लिवलंय. रंगबी पक्का घातलाय."
शिडी लावली. वर चढून थांबला.
"आधी कुठली पुसू? वरची का खालची?
उगं पुन्हा कोणतर भांडत यायचं."

खाली हलगेकर वहिनी डबा घेऊन उभ्या.
"का वो पुसायलाय? आता मिळणार न्हाई व्हय?"

"मिळत नव्हतंच," मी म्हटलं.
त्यांना ते ऐकू गेलं नाही,
शेजारचे माग चालू झाले होते.