काट्यावर

एकतीस वर्षं मी या काट्यावर आहे.
भरला ट्रक येतो, सुई थरथरते, मग ठरते.
रिकामा होऊन परत येतो, पुन्हा सुई.
दोन आकड्यांच्या मधे जे उरतं, ते गव्हाचं.
माझं काम एवढंच. आणि कॉफी.

सकाळी सातला ओरेस्ट हावरिलुक येतो,
हातमोजे हीटरवर टाकतो.
लोकर करपल्याचा वास आला की समजावं, ओरेस्ट आला.
मतपत्रिका आठवडाभर त्याच्या खिशात आहे,
खूण केलेली, पाकीट मात्र अजून उघडं.
बोर्ड राहावं, म्हणतो. सगळ्यांचा गहू एका दारातून जावा,
सगळ्यांना एक भाव.

त्याचा आजा एका हिवाळ्यात
चौदा मैल स्लेजवरून गहू घेऊन आला होता.
तेव्हा या साइडिंगवर तीन कंपन्यांची तीन कोठारं,
आणि तिन्ही दारांत भाव एकच,
जणू तिघं आदल्या रात्री एका ताटात जेवले होते.
माल परत न्यायला घोड्यांत जीव नव्हता.
"निवड होती की त्याला," ओरेस्ट म्हणतो,
"तीन तीन दारं होती."

डेलमार फ्रीसन हसत नाही.
त्याच्या दक्षिणेच्या तुकड्यावरून रात्री
सीमेपलीकडच्या कोठाराचे दिवे दिसतात.
तिथला भाव त्याला रेडिओवर रोज ऐकू यायचा,
आणि इथे बोर्डाचा चेक यायचा हप्त्याहप्त्यानं,
शेवटचा तर पुढच्या पेरणीनंतर.
एका मार्चमध्ये त्यानं ट्रक भरला आणि सरळ गेला.
नऊ रात्री कोठडीत काढल्या.
"कुणाचा चोरला होता मी?" तो विचारतो.
"माझाच. कुंपणच शेत खायला लागलं
तर कुंपण कशाला पुजायचं?"
मग कपात बघत राहतो.
कोठडीतल्या रात्रींबद्दल तो याहून जास्त कधी बोलला नाही.
त्याच्या बायकोनं एकदा सांगितलं,
त्या वर्षी तो गव्हाचं पीठ खात नव्हता.

मापात पाप, असं दोघंही म्हणतात,
आणि दोघंही माझ्याकडे बघत नाहीत, ही त्यांची सभ्यता.

मग मार्लिस टॉलफसन.
नवरा गेल्यावर सहाशे एकर एकटी करते,
बोलते तेव्हा उभ्यानंच.
"तुम्ही दोघं दारावरून भांडा.
माझे वाटाणे बोर्डाकडे जातच नाहीत, विकायला मोकळे आहेत,
डिसेंबरपासून वॅगनची वाट बघतायत.
बंदर इथून हजार मैलांवर.
रेल्वे कुणाच्या मतानं चालते, ते सांगा मला."

कुणी सांगत नाही.
हीटर टकटक करतो.
ओरेस्ट म्हणतो, म्हणूनच एकत्र राहायला हवं.
डेलमार म्हणतो, म्हणूनच ज्यानं त्यानं आपलं बघावं.
एकाच "म्हणूनच"चे दोन रस्ते,
दोन्ही माझ्या खिडकीसमोरून जातात.

मला मत नाही. ज्याच्या नावावर जमीन, त्याला मत.
माझ्या नावावर एक घर, एक बोट,
आणि टेबलाच्या खणात एक पत्र,
कंपनीनं नोव्हेंबरात पाठवलेलं.
सत्तर किलोमीटरवर काँक्रीटचं नवं टर्मिनल होतंय,
शंभर वॅगन एका रात्रीत भरतील म्हणे.
उन्हाळ्यानंतर हे कोठार बंद.
मत कसंही पडो.

सांगायचं आहे त्यांना.
काल सांगणार होतो, तर ओरेस्टनं
डेलमारच्या कपात न विचारता कॉफी ओतली,
आणि डेलमारनं ती प्यायली,
गेल्या शनिवारपासून दोघं एकमेकांशी थेट बोलत नसताना.
मी खण पुन्हा ढकलला.

आता गेलेत तिघं.
उणे एकतीस. बाहेर काटा रिकामा आहे,
सुई मात्र साठ किलो दाखवते.
बर्फ.
फावडं घेऊन मी निघतो,
पुढचा ट्रक यायच्या आत
शून्य शून्यावर आणायला.