मावशी पाहते आहे

नऊ महिने मी पाण्यावर होतो
आणि पाण्यात एकदाच.
त्या तीन तासांचं सांगतो.

जहाजाच्या पोटात लॉन्ड्री.
टॉवेल, टॉवेल, टॉवेल. वाफ.
वरच्या लोकांना समुद्र दिसायचा,
माझ्याकडे त्यांनी अंगावरून पुसलेला समुद्र यायचा,
ओला, चुरगळलेला, पिशव्या भरभरून.

एका बेटावर सुट्टी मिळाली.
बंदरामागे धक्का संपतो तिथून
चालतच आत गेलो, आपण तलावात उतरतो तसा.
होडी नाही, उडी नाही.
डोळ्यांवर भाड्याची काच, तोंडात भाड्याची नळी,
आणि डोकं खाली घातलं.

काय सांगू.
निळ्या मासोळ्या दगड कुरतडत होत्या,
त्याचा आवाज येत होता,
शेजारी बसून कोणी फुटाणे खावेत तसा.
एक पिवळी, काळ्या पट्ट्यांची,
माझ्या घड्याळापाशी येऊन थांबली.
एकीचंही नाव मला येत नव्हतं.
ढिवराचा पोरगा, आणि समोरच्या माशाला नाव नाही!
नळीतच हसलो, तर मीठ आत आलं.
मग भोंगा वाजला.
सगळ्यांच्या आधी मी बाहेर.

काच-नळी परत केली.
पुढच्या बंदरात नवी घेतली,
कोणासाठी म्हणून नाही, उगीच.

सत्यफुला मावशी गावतलावात परसूड लावते,
बायकांचा गट आहे, उन्हाळ्यात चिखलात वाकून.
पाणी भरलं की सगळं खाली जातं,
मग तिच्या तळपायांना तेवढं कळतं
इथं गाद, इथं देवधान,
इथं मामाचा हरवलेला विळा, जपून.
चाळीस वर्षं तिचे पायच खाली जात आले,
ती वर राहिली.

दसरा होऊन गेला होता. पाणी निवळलं होतं.
काच हातात घेऊन म्हणाली,
"हा घोड्याचा तोबरा होय का रे बापू?"
अंबाडा पट्ट्यात अडकला, दोनदा काढला.
काचेला आतून थुंकी लाव म्हटलं,
तेवढं तिला लगेच पटलं.
आणि गेली.

पोवनाच्या पानांतून नळी तेवढी सरकत होती.
पाळीवर हिवराजचा पोरगा बकऱ्या सोडून उभा,
"बुडली का जी?"
मी आकडे मोजत होतो, कशाचे ते माहीत नाही.
नळीतून तिचा श्वास ऐकू येत होता.
इतक्या वर्षांत तो मी कधी ऐकला नव्हता.

उठली. कपाळावर गोल वळ.
"माहे पाय केवढे मोठे दिसतेत रे."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "बोटरी आली होती. अंगठा चाखून गेली.
तिले वाटलं, खुट होय."
डाडक दोन. शिंगूर एक, मिशा हलवत.
मरळ, पिल्लं घेऊन,
"लाल लाल पिल्लं, गुलाल सांडल्यावानी."
हजेरी घ्यावी तशी नावं घेत होती.
मला ती पिवळी आठवली. बिचारी, बिननावाची.

"आन परसूड?" मी विचारलं.
"लावलो होतो पन्नास."
बोटांवर मोजता मोजता अडखळली.
"थांब. पुन्ना पाहून येतो."
या वेळी थुंकी तिनेच लावली.

तुडमाजवळ कोणी म्हशी घालत होतं पाण्यात.
मी पाळीवरून ओरडलो,
जरा थांब ना गा, गढूळ नको करू,
मावशी पाहते आहे.