कूलरवाला – १

कंपनीचं पत्र आलं ऐन मे महिन्यात,
कुरिअरच्या पोराच्या घामानं कोपरा भिजलेलं.
बॅच एकोणीस-सात. विक्री तात्काळ थांबवावी.
'काही परिस्थितीत विद्युतप्रवाह असूनही
दर्शक दिवा न लागण्याची शक्यता आहे.'
दोनदा वाचलं. मग काउंटरवरच्या
हिरव्या मुठीच्या टेस्टरांच्या डब्यावर पंजा ठेवला,
खोटं बोलणाऱ्या पोराच्या तोंडावर ठेवावा तसा.

पन्नासातले अठरा शिल्लक. बत्तीस गावात.
पस्तीस रुपयांची वस्तू, तिचं बिल कोण मागतं?
कच्च्या वहीत माझंच अक्षर, पेन्सिलीचं:
हेडाऊ २. पाचपावलीचा टकला १.
आयटीआयची पोरगी १.
निखारे कंत्राटदार १२, उधार.

निखारेनं बारा परत दिले
आणि उधारीतून पंधराचे पैसे वजा करायला लावले.
केले.
हेडाऊ म्हणाला, 'काहून वापस घेता भाऊ?
चांगला तं जळते.'
म्हटलं, 'जळतो तेव्हा तो खराच आहे.
नाही जळत तेव्हाचं बोल.'
तो गप्प झाला. खिशातून काढून माझ्या हातावर ठेवला;
शर्टाला क्लिपनं पाडलेलं भोक तेवढं त्याच्याकडे राहिलं.

आयटीआयची पोरगी स्वतःच आली,
कांचन गजभिये, जरीपटक्याहून सायकलनं,
ओढणी बांधून फक्त डोळे उघडे.
म्हणाली, 'आमच्याकडे शिकवतात,
आधी चालू पॉइंटवर लावून पाहायचा,
मग बंद पॉइंटवर, मग पुन्हा चालूवर.
आधी टेस्टरची परीक्षा, मग वायरची.'
एकतीस वर्षं मी टेस्टर विकतो.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं,
आणि मी तरी कोणाला सांगितलं?

आठवड्यात एकतीस जमले.
उरली एक ओळ, पानाच्या तळाशी,
वरून चहाचा डाग: कूलरवाला – १.

मे महिन्याच्या नागपुरात कूलरवाला शोधायचा!
हातगाडीवर वाळ्याच्या ताट्या विकणारा कूलरवाला,
पंप बदलणारा कूलरवाला,
पत्रा ठोकणारा, रंग मारणारा,
आणि आठ महिने हमाली करून
चार महिने कूलरवाला होणारा.
मानेवाड्याला विचारलं, नंदनवनला विचारलं.
एक म्हणे, 'कसा दिसे?'
मला काय आठवावं? त्या दिवशी
दुकानात सात गिऱ्हाईकं, तीन पंखे वायंडिंगला,
आणि एका हातानं
सुटे पाच रुपये परत घेतले होते.
अंगठ्याच्या नखाला निळा रंग होता. बस एवढंच.

दुपारी गल्ल्यांतून चालताना
प्रत्येक खिडकीत लोखंडी पेटी घरघरते,
खाली पाण्याचं थारोळं,
त्यात कोणाचं तरी पोर अनवाणी उभं.
मी ओरडतो, 'ए, सरक तिकडं!'
आतून बाई बाहेर येते,
हा कोण, अशी बघते.

रात्री शटर अर्धं ओढून
जमलेले एकेक बोर्डात घातले.
लागला. लागला. लागला. लागला.
सव्विसावा नाही लागला.
काढून पुन्हा घातला तर लागला,
लाल, ठिपक्याएवढा, साळसूद.
तो मी वेगळा ठेवला,
आणि नंतर कळेना, वेगळा ठेवलेला कोणता.

घरी आलो तर टाकी कोरडी.
ही म्हणाली, 'पाणी टाकते, जेवून घ्या.'
म्हटलं, थांब.
प्लग ओढून काढला. वायर कोपरापर्यंत गुंडाळली.
ती पाइप धरून उभी, मी प्लग धरून उभा,
टाकी भरेपर्यंत दोघं घामानं निथळत.
'मुठीत कशाला धरून ठेवलाय?' ती म्हणाली.
'काढलाय ना?'
'काढलाय,' म्हटलं.
मूठ उघडून तिला दोन्ही पिना दाखवल्या
आणि परत मिटली.