वाय, एम, किंवा रिकामं

सूर गावात खाडीच्या या अंगाला
समुद्राचं मीठ उतरवणारा कारखाना,
आणि त्याच्या पंपांवर नजर ठेवणारी एक पेटी,
पोळ्यांच्या डब्याएवढी.
तिचा कर्नल मी बांधते आहे.

यादी तीन हजार ओळींची.
प्रत्येक ओळ तेच विचारते:
वाय, म्हणजे आतच, कायमचा.
एम, म्हणजे बाहेर थांब, लागलास तर बोलावू.
रिकामं, म्हणजे ओळखच नको.

मी एम-एम करत सुटले.
कर्नल सडपातळ राहावा, मेमरी थोडी.
डिस्कच्या ड्रायव्हरलाही एम.
पावणेदोनला पेटी उठली,
दोन वाक्यं बोलली आणि ठप्प.
मूळ डिस्क सापडत नाही म्हणे.
कशी सापडेल?
डिस्क वाचायची विद्या त्याच डिस्कवर.
कपाटाची किल्ली कपाटात.

पाळीप्रमुख सालिम अल-अरैमी हसला नाही.
त्याचा आजा इथल्याच वाळूत गलबतं बांधायचा.
"डोलकाठी उतरते, शीड उतरतं," तो म्हणाला,
"पण कणा कुणी सुटा नेतं का?
भर समुद्रात सुतार भेटत नाही."
"आमच्या बाणकोटात त्याला पठाण म्हणतात,"
दारातून परकारचाचा,
हाताला ग्रीस, खांद्यावर टॉवेल.

डिस्कला वाय दिला. पेटी उठली.

कंपन मोजणाऱ्या सेन्सरला मात्र एमच.
त्याची कंपनी दर महिन्याला नवा ड्रायव्हर पाठवते,
दर महिन्याला नवी चूक.
आत चिणला, तर प्रत्येक चुकीपायी पेटी बंद, पंप बंद,
आणि गावाच्या टाक्यांत पाणी अकरा तासांचं.
सुटा असला की चालत्या पंपावर काढता येतो.
तोही असा तसा नाही.
कर्नल आधी मोजतो, याला कोण कोण धरून आहे.
आकडा शून्य नसेल तर हलू देत नाही.
त्याची ही एक सवय मला फार आवडते.

परकारचाचा सव्वीस वर्षं पंपघरात.
दोन-दोन वर्षांचं कार्ड, तेरा वेळा.
गुरुवारी चौदावं आलं नाही.
साठ भरली, म्हणाले.
आकडा कुणी पाहिला नाही,
मीही नाही.
त्या दिवशी मी यादीत अठराशेव्या ओळीवर होते.

आज चार नंबरचा पंप कण्हतोय.
सेन्सर म्हणतो सगळं ठीक.
सालिमने चाचासारखा तळवा टेकवला,
बराच वेळ उभा राहिला,
मग मला विचारलं,
"तो कुठल्या कानाने ऐकायचा?"

मला ठाऊक नव्हतं.
इथे पहाटेचे चार, तिकडे साडेपाच,
फज्रला उठलाच असेल.
फोन लावला,
आणि पहिली रिंग वाजायच्या आतच
पंपाच्या पोटाला टेकवून धरला.