पुढची सीट

पत्र लोरेन शिमान्स्कीच्या नावानं येतं.
गाडी तिची होती, मग तिच्या जावयाची,
आता माझी. एक लाख अडतीस हजार मैल,
मागच्या काचेवर कुणी अर्धवट खरवडलेला
मासेमारी क्लबचा मासा.
लोरेन वारली की गाव सोडून गेली, मला ठाऊक नाही.
कंपनीच्या लेखी गाडीत अजून तीच बसलेली आहे.

पहिलं पत्र डिकीच्या दाराच्या दांड्याबद्दल.
दुसरं इग्निशनचं : किल्लीला जड जुडगा लावू नका.
मी घराची, लॅबची, आणि सांगलीच्या एका कपाटाची,
जे कपाटच आता नाही,
अशा सगळ्या किल्ल्या काढून पर्सच्या तळाशी टाकल्या.

तिसऱ्या पाकिटावर लाल पट्टी.
उजवीकडच्या एअरबॅगमागे एक धातूची डबी असते,
दमट हवेनं तिच्यातलं मिश्रण बिघडतं,
आणि ज्या क्षणी वाचवायचं
त्या क्षणी ती तुकडे होऊन अंगावर येऊ शकते.
पार्ट अजून उपलब्ध नाही.
तोवर पुढच्या सीटवर कुणालाही बसवू नये.

रिकॉल म्हणजे आठवणे, असं शाळेत पाठ केलं होतं.
चौदा वर्षांनी आठवण झाली,
तीही लोरेनची.

सर्व्हिस काउंटरवरच्या ब्रायनला विचारलं, यादी केवढी आहे?
त्यानं दोन्ही हात पसरले,
मग त्यातल्या एकानं कॉफीचा कप उचलला.
आणि चालकाच्या बाजूचं?
सतरा आकडी नंबर त्यानं पुन्हा टाइप केला.
"तुमची बाजू ठीक आहे, मॅम."
हे मला फार दिवसांनी कुणीतरी सांगितलं.

तर मैथिली मागे बसू लागली.
पंधरा वर्षांची, माझ्याहून दोन बोटं उंच,
गुडघे माझ्या पाठीत.
पुढे माझा डबा आणि तिचं क्लॅरिनेट.
क्लॅरिनेटला पट्टा लावावा लागे,
नाहीतर गाडी टिंगटिंग करत राही.

शेजारी बसायची तेव्हा
पीच स्ट्रीटभर आमच्यात फक्त हीटर बोलायचा.
नोव्हेंबरात, ईरी सरोवरावरून बर्फ आडवा येत असताना,
मागून एकदम म्हणाली :
बाबांचा फोन मी उचलत नाही, माहितेय ना तुला?
आरशात तिचा एक डोळा आणि टोपीची लोकर.
मी हूं म्हटलं.
इतकं नीट हूं मला आधी कधी जमलं नव्हतं.

मग त्या हिवाळ्यात बरंच काही मागून पुढे आलं.
बँडमधल्या पोराचं नाव. केमिस्ट्रीतलं ते प्रकरण.
एकदा लाल सिग्नलला : तुला इथे एकटं वाटतं का गं?
सिग्नल सुटला, मागचा ट्रक ओरडायला लागला.
उत्तर मी पुढच्या सिग्नलला दिलं.

जूनमध्ये ब्रायनचा फोन. पार्ट आलाय.
मी म्हटलं, या आठवड्यात जमणार नाही.
पुढच्या आठवड्यातही तेच म्हटलं.
हे कुणाला सांगितलेलं नाही.
तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा
मला ते तुकडे दिसले, आणि गेले.

पन्नास मिनिटं लागली. फुकट.
जुनी डबी बघू का, विचारलं.
खोक्यात बंद केलीय, म्हणाला, परत पाठवायची असते.
पावतीवर लोरेन.

पार्किंगमध्ये मैथिलीनं पुढचं दार उघडलं,
क्लॅरिनेट उचलून मागे ठेवलं
आणि वळसा घालून माझ्या बाजूला आली.
मंगळवारी सोळा झाली, बुधवारी परमिट.
सरक आई.

मी सरकले.
आरसा तिनं स्वतःपुरता फिरवून घेतला,
सीट मागे ढकलली, मिरर, ब्रेक, मिरर असं पुटपुटली.
गाडी टिंगटिंग करत होती.
कशासाठी, ते माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.