परतीची नळी

बादली लावून मोजलं होतं आधी.
गरम पाणी न्हाणीपर्यंत पोचायला
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
तोवर साडेआठ लिटर गार पाणी
बादलीत, आणि तिथून कढीपत्त्याला.

सोहारमधला जानेवारी, पहाटेचे साडेचार.
सहाला डायलिसिसची पहिली पाळी,
आणि गीझर घराच्या त्या टोकाला,
मालकानं मागाहून वाढवलेल्या खोल्यांच्याही पलीकडे,
जसं काही दुसऱ्या गावात.

पंप आणला. पपनसाएवढा.
सोबत एक झडप, दोन लवचिक नळ्या
आणि सात भाषांतलं माहितीपत्रक,
त्यात माझी नाही.

दुकानातला बशारत म्हणाला, माणूस पाठवू का सिस्टर?
म्हटलं, रोज आठ माणसांचं रक्त
बाहेर काढून परत आत घालते मी.
पाणी काय माझं ऐकणार नाही?

नाही ऐकलं.

मेन कॉक समजून जो बंद केला
तो निघाला वरच्या मजल्याचा.
वर बिन्सीच्या अंगाला साबण तसाच,
खाली मी नट सैल केला
आणि फवारा थेट चष्म्यावर.
टेफ्लॉनची टेप गुंडाळली होती उलटी,
पाना फिरवावा तशी ती उलगडत जाई,
चिडक्या पेशंटच्या बँडेजसारखी.

रात्री पुसलेल्या फरशीवर बसून
माहितीपत्रकातलं चित्र पुन्हा पाहिलं.
या घराला परतीची नळी नाहीच.
नळीत थांबून निवलेलं पाणी
गार पाण्याच्याच वाटेनं मागे फिरवायचं.
शेवटच्या बेसिनखाली ती झडप,
ऊन पाणी आलं की आपसूक मिटते.
लाल नळीतून पुढे, निळीतून मागे.
अगं, मग हे तर येतं मला!
आधी हवा घालवायची,
मग जोडायचं,
मग बाण बघायचा.

बाण मी बघितलाच नव्हता.
पंप उलटा बसवला होता.
वॉर्डात असं केलं असतं तर,
हा विचार आला आणि हात थोडे थंड पडले,
पाण्यामुळे नव्हे.

शुक्रवारी पुन्हा. या वेळी कॉक बंद करून
वरती बिन्सीला आधी विचारलं.
संध्याकाळी पंपाला हात लावला तर
बारीकशी थरथर,
फिस्टुल्यावर बोट ठेवल्यावर लागते तशी.
नळ सोडला. ऊन.
चार मोजायच्या आत ऊन.

चार नंबरच्या खुर्चीतल्या खमीसबाबांना सांगितलं,
निम्मं अरबीत, निम्मं हातवारे करून.
त्यांच्या घराण्याकडे होती फलजची पाळी,
काठीच्या सावलीवर मोजून पाणी वळवायचे.
ते म्हणाले, पाणी खजुराकडे जातं,
उरलं तर वाळूत.
मागे कशाला येईल?
आणि हसायला लागले.
हलू नका बाबा, म्हटलं, सुई आहे.
त्यांचं रक्त त्या वेळी निळ्या नळीतून
घरी परतत होतं.

कढीपत्त्याकडे लक्ष गेलं फार उशिरा.
पानं पिवळी, कुंडी खडखडीत.
साडेआठ लिटरांचा हिशेब
मी एकीकडूनच मांडला होता.
आता सुट्टीच्या दिवशी पंप बंद ठेवते,
बादली लावते,
आणि दोन मिनिटं चाळीस सेकंद
काहीच करत नाही.

मेमध्ये प्लगच काढला.
गच्चीवरची टाकी उकळते,
गार नळाला बोट धरवत नाही.
बंद गीझरमधलं पाणी तेवढं निवलेलं,
घरातलं एकमेव गार पाणी,
तेही लाल खुणेच्या नळाला.

पलीकडच्या खोलीत आलेली नवी मुलगी
साबण हातात घेऊन विचारते,
दीदी, कुठला सोडू?
सांगते, खुणेवर जाऊ नकोस.
आधी बोट लावून बघ.